चैत्रगौरीचे ताट : हिंगोलीच्या उन्हाळी हळदीकुंकवाची प्रस्तावना

चैत्र शुद्ध तृतीयेला देवघरातली अन्नपूर्णा चिंचेने घासून लख्ख केली जाते आणि पितळी पाळण्यात बसते. वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तिचा मुक्काम तिथेच. ही चैत्रगौर. महिनाभर माहेरपणाला आलेली लेक, अशी तिच्याविषयीची भावना आहे. या महिन्यातला सोयीचा एक दिवस, बहुधा मंगळवार किंवा शुक्रवार, धरून संध्याकाळी हळदीकुंकू होते. नात्यातल्या, शेजारच्या, ओळखीच्या बायका येतात. गौरीपुढे आरास मांडलेली असते. आलेल्या प्रत्येकीला हळदकुंकू लावतात, मनगटाला अत्तर किंवा गंध लावतात, गुलाबपाणी शिंपडतात, कैरीची डाळ आणि पन्हे देतात आणि भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरतात. ऐन उन्हाळ्यात माणसे जमवावीत तर त्यांच्यापुढे काय आणि कसे मांडावे, या प्रश्नाला मराठी घरांनी दिलेले हे सर्वांत जमून आलेले उत्तर आहे.

ही रीत महाराष्ट्रभर आहे. मुख्यतः ब्राह्मण घरांत आणि इतरही काही समाजांत ती पाळली जाते. हिंगोली जिल्ह्यात मात्र तिला एक वेगळा अर्थ येतो, कारण इथे हळदीकुंकवातली हळद शेतातून घरात येते ती याच सुमारास. 1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा: हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव. राज्यातल्या प्रमुख हळद जिल्ह्यांत त्याची गणना होते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि हळदीचे संशोधन व प्रशिक्षण केंद्रही वसमतलाच आहे. हिंगोलीत हळदीच्या खरेदी-विक्रीचे आवार संत नामदेवांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचे नरसी हे गाव तिथून फार लांब नाही. फाल्गुन-चैत्रात या आवारात पिवळी धूळ उडत असते, त्याच दिवसांत गावातल्या घरांत गौर बसते.

खाण्याच्या वस्तू एका फळीवर किंवा ताटात विषय धरून मांडायच्या आणि जमलेल्यांनी त्यातून हवे ते उचलायचे, ही पद्धत अलीकडे शहरांतल्या मेजवान्यांत शार्कुटरी बोर्ड या नावाने रूढ झाली आहे. शब्द फ्रेंच आहे. त्याचा उगम मांस आणि शिजवलेले या अर्थाच्या दोन शब्दांत आहे, आणि मूळ धंदा डुकराचे मांस खारवून, धुरावून, टिकवून विकण्याचा. थंडीच्या तोंडावर केलेली ही बेगमी. तिच्याबरोबर चीज, लोणच्यातल्या काकड्या, ताजी फळे आणि पाव आले, आणि पुढे त्या मांडणीचे कौतुक मूळ मांसापेक्षाही मोठे झाले. तिचे बाह्य रूप दूरचे असले तरी तिच्यामागचे तत्त्व मराठवाड्याला अनोळखी नाही. टिकवलेले आणि ताजे शेजारी ठेवायचे, खारट आणि गोड एकमेकांना लावून ठेवायचे. युरोपात टिकवण्याचे काम मीठ, धूर आणि थंडी यांनी केले. हिंगोलीत ते ऊन करते.

एप्रिलमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो. समुद्र दूर, त्यामुळे दुपारची हवा अगदी कोरडी. या कोरडेपणाची दोन कामे एकाच अंगणात चालतात. माळवदावर बाज टाकून, तिच्यावर जुने धुतलेले लुगडे अंथरून घातलेल्या कुरडया दोन-तीन दिवसांत खणखणीत वाळतात. आणि ओसरीच्या कोपऱ्यात वाळूवर ठेवलेल्या माठातले पाणी पाझरून, उडून, आतल्या पाण्याला गार करते. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते, म्हणून माठ गार होतो. हवा दमट असेल तर पाझर उडत नाही आणि माठ कोमटच राहतो. कोकणातल्या माठाला मे महिन्यात मराठवाड्यातल्या माठाची सर येत नाही, ती यामुळेच. चैत्रगौरीच्या ताटाची कोरडी बाजू आणि ओली बाजू अशा रीतीने एकाच हवेतून आलेल्या असतात, आणि हे ताट समजून घ्यायला हीच वाट सरळ आहे.

कोरडी बाजू म्हणजे वाळवण. होळी झाली की गल्लीतल्या बायका एकमेकींचे दिवस ठरवून घेतात: आज एकीकडे पापड, परवा दुसरीकडे कुरडया. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून चीक काढतात. चीक रात्रभर निवळू देऊन वरचे पाणी ओततात आणि पहाटे मीठ-हिंग घातलेल्या उकळत्या पाण्यात तो हाटतात. पहाट यासाठी, की सोऱ्यातून घातलेली कुरडई पहिल्या उन्हाला लागली पाहिजे. दुपारी घातली तर रात्र ओली जाते आणि आंबूस वास धरतो. शिजलेला गरम चीक तूप-साखर किंवा तेल-तिखट घालून वाटीत खाणे हा त्या पहाटेचा खरा मेहनताना. उडदाच्या आणि मुगाच्या पापडांना पापडखार लागतो. पीठ तेलाचा हात लावून कुटावे लागते, आणि लाटणाऱ्यांच्या भोवती बसलेली पोरे कच्च्या लाट्या मागत राहतात. बाजरीच्या किंवा ज्वारीच्या खारोड्या, मूगडाळीचे सांडगे, ताकात मुरवून वाळवलेल्या मिरच्या, शेवया, साबुदाण्याच्या पापड्या ही पुढची रांग. खारोड्यांचे विशेष असे की त्या तळाव्या लागत नाहीत. शेंगदाण्यांबरोबर नुसत्या चघळायला त्या पुरतात, म्हणून जमलेल्या मंडळींपुढे ठेवायला त्यांच्याइतकी सोयीची वस्तू नाही.

या वाळवणाचा कच्चा माल पूर्वी बव्हंशी घरच्या रानातला असे. आता खरिपात सोयाबीनने उडदा-मुगाची पुष्कळशी जागा घेतली आहे आणि पापडाचे पीठ दुकानातून येते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण चवीत फरक पडतो हे मान्य केले पाहिजे. घरच्या उडदाची डाळ सालासकट चोळून धुतलेली असते, तिचा पापड जरा करडा दिसतो आणि जिभेवर जास्त वेळ राहतो. गहू आणि हरभरा यांचे तसे झालेले नाही. रब्बीत ही दोन्ही पिके जिल्ह्यात आजही घेतली जातात, त्यामुळे कुरडईचा गहू आणि ओटीचा हरभरा चैत्रात नवाकोराच असतो.

चटण्यांनाही कोरड्या बाजूलाच जागा आहे. जवस, कारळ, तीळ आणि शेंगदाणा या चारही कोरड्या चटण्या मराठवाड्याच्या घरात एकाच वेळी असू शकतात. जवस भाजताना तडतडू लागला की लगेच उतरवावा लागतो, पुढे गेला तर कडवटतो. कारळाचा रंग काळाच, त्यामुळे पांढऱ्या-पिवळ्या पदार्थांच्या शेजारी त्याची एक मूद ठेवली की ताट उठून दिसते. मोठ्या जमावासाठी पोटभरीचे काही हवे असेल तर सुशीला आहे: चुरमुरे पाण्यातून काढून, पिळून, हिरवी मिरची, शेंगदाणे आणि हळद यांच्या फोडणीवर परतलेले. नांदेड, परभणी, हिंगोली या पट्ट्यातला हा रोजचा नाश्ता हळदीकुंकवाला फारसा मांडला जात नाही. मांडायला हरकत नाही. तो पाच मिनिटांत होतो आणि निवला तरी खाता येतो.

ओल्या बाजूचा राजा कैरी. चैत्रात आंबा झाडावर असतो, पण पिकलेला नसतो. बाठा धरू लागलेली, आंबट, कडक कैरी हीच त्या महिन्याची खरी वस्तू. तिची डाळ ही चैत्रगौरीची खूण. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून पूर्ण निथळावी आणि पाण्याचा थेंब न घालता भरड वाटावी. सगळी चूक इथेच होते: पाणी घातले की डाळीचा लगदा होतो, आणि उन्हाळ्यात तो दोन-तीन तासांत आंबायला लागतो. दोन वाट्या भिजलेल्या डाळीला साधारण एक वाटी कैरीचा कीस धरतात. कैरी किती आंबट आहे ते चाखून कमीजास्त करतात. मीठ, किंचित साखर, वाटलेली हिरवी मिरची, कोथिंबीर, खोबरे. वर मोहरी, हिंग, हळद आणि सुक्या मिरचीची सढळ फोडणी, पण ती पूर्ण गार करून. गरम फोडणी कच्च्या डाळीवर पडली की तिचा ताजा वास जातो. कच्ची डाळ पचायला जड असते, म्हणून हिंगाला इथे केवळ चवीपुरते स्थान नाही.

पन्ह्याचे दोन प्रकार चालतात. कैरी उकडून केलेले सौम्य आणि सोनेरी. चुलीच्या राखेत किंवा निखाऱ्यावर भाजून केलेले जरा काळसर आणि धुरकट वासाचे. दुसरे करायला त्रास आहे, पण ज्याने एकदा ते प्यायले त्याला पहिले फिके लागते. गर जितका, त्याच्या दीडपट ते दुप्पट गूळ. वेलची, मीठ, जमल्यास केशराच्या चार काड्या. मीठ विसरू नये. उन्हातून चालत आलेल्या माणसाच्या घामाबरोबर पाणी आणि मीठ दोन्ही गेलेले असते. पाणी, मीठ आणि गूळ एकत्र पोटात गेले की तरतरी येते ती त्यामुळे. पन्हे माठातल्या पाण्यात करावे. माठात वाळ्याची जुडी टाकलेली असली तर वेलचीचा हात आखडता घ्यावा, नाहीतर दोन सुगंध एकमेकांना मारतात.

कलिंगडाला या भागात टरबूज म्हणतात. गौरीपुढे ते कापून ठेवण्यात घरातल्या मुलींचे कसब दिसते: कमळासारख्या पाकळ्या, दांड्याची परडी, कधी कोरीव जाळी. दिसायला सुंदर असली तरी कापलेल्या फळावर उन्हाळ्यात माशी बसायला वेळ लागत नाही. आरास संध्याकाळी दिवेलागणीच्या आत अर्धा-पाऊण तास मांडावी, आणि खाण्यासाठीचे टरबूज वेगळे, अखंड, ओल्या फडक्याखाली ठेवून ऐन वेळी चिरावे. आराशीतले फळ आणि हातात द्यायचे फळ निराळे ठेवणे ही जुन्या बायकांची शिस्त होती आणि ती आरोग्याच्या दृष्टीने पूर्णपणे बरोबर आहे.

आता हळद. जूनच्या आगेमागे लावलेला कंद आठ-नऊ महिन्यांनी, माघ-फाल्गुनात, खणला जातो. ओल्या हळदीची पाने कापतात, गड्डे आणि हळकुंडे वेगळी करतात आणि मोठ्या कढईत किंवा वाफेवर चालणाऱ्या कुकरमध्ये शिजवतात. पाऊण ते एक तासात फेस येतो, ओळखीचा वास सुटतो, काडी टोचली तर आत जाते. मग दहा-पंधरा दिवस उन्हात. शिजवण्याने कंद पुन्हा फुटण्याची शक्ती जाते, रंग आतपर्यंत सारखा पसरतो आणि वाळणे लवकर होते. शंभर किलो ओल्या हळदीतून वीस ते पंचवीस किलोच वाळलेली हळद उरते. शेवटी ढोलात फिरवून वरचे खरबरीत साल काढतात; तेच पॉलिश. मार्च-एप्रिलमध्ये वसमत-हिंगोलीच्या शिवारात रस्त्याकडेला, खळ्यांवर, कधी गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर हळद पसरलेली दिसते. कुरडया ज्या उन्हाने वाळतात, त्याच उन्हाने हळकुंडेही.

कुंकूही मूळचे हळदीतूनच निघते. हळदीतला पिवळा रंग देणारा घटक आम्लात पिवळा राहतो आणि अल्कधर्मी पदार्थाशी संबंध आला की लाल होतो. पारंपरिक कुंकू हळदीच्या भुकटीवर लिंबाचा रस, टाकणखार, तुरटी अशा द्रव्यांची प्रक्रिया करून बनवले जाते. हळदीच्या हाताने साबण धरला की फेस तांबडा होतो, हा अनुभव घरोघरी असतो. कुंकवाचे शास्त्र त्यातच आले. करंड्यातल्या दोन वाट्यांतले दोन रंग म्हणजे एकाच कंदाची दोन रूपे. ज्या जिल्ह्यात हा कंद पिकतो तिथे हळदीकुंकवाला बाजारची रासायनिक रंगाची पुडी आणणे खेदाचे वाटते. घरच्या किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या हळकुंडाची दळलेली हळद करंड्यात असावी. तिचा पिवळा भडक नसतो, थोडा मातकट असतो, आणि वास मात्र हातभर दूरपर्यंत येतो.

विषय धरून ताट मांडायचे असेल तर हिंगोलीच्या चैत्रगौरीला विषय शोधत जावे लागत नाही. नवा हरभरा, नवा गहू, नवी कैरी, नवी हळद: महिन्याने जे घरात आणले तेच मांडायचे. रंगही आपोआप जुळतात. डाळ पिवळी, पन्हे सोनेरी, हळकुंडे केशरी-पिवळी, शेवंती किंवा झेंडू मिळाला तर तोही त्याच कुळातला. त्यात टरबुजाचा लाल, कैरीच्या पानांचा हिरवा, मोगऱ्याचा पांढरा आणि कारळाचा काळा. गौरीच्या पाळण्याखाली पायऱ्यांची आरास करतात. सर्वांत वर गौर आणि मोगरा. तिच्याखाली गुढीपाडव्याची राखून ठेवलेली साखरेची गाठी, करंज्या, लाडू. मधल्या पायरीवर फळे. खाली वाळवणाचे न तळलेले नमुने, हळकुंडांची परडी, नव्या हरभऱ्याचे माप. जमिनीवर चैत्रांगण: गौर, तिचा पाळणा, सूर्य, चंद्र, कासव, शंख, तुळशीवृंदावन, कमळ अशा शुभचिन्हांची रांगोळी. तिची आकृती प्रत्येक घराची थोडी वेगळी असते.

प्रत्यक्ष खाण्याच्या ताटासाठी मराठी पानाचा जुना नियम उपयोगी पडतो. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबू, चटण्या, कोशिंबीर, म्हणजे थोडे-थोडे तोंडी लावायचे. उजवीकडे जास्त खाल्ले जाणारे. मोठ्या परातीवर किंवा लाकडी पाटावर केळीचे पान टाकून हाच क्रम ठेवला तर कुणाला काही विचारावे लागत नाही. डाळ एकाच मोठ्या ढिगात न ठेवता पळसाच्या द्रोणांत वाढून ठेवावी. ती सुटत नाही आणि हात लागत नाहीत. तळलेली कुरडई ओल्या पदार्थाला कधीही टेकू देऊ नये, दोन मिनिटांत ती मऊ पडते. तिला पानाच्या टोकाशी, चटण्यांच्या पलीकडे जागा. पंचवीस जणींसाठी पाऊण किलो हरभरा डाळ, डाळ आणि पन्हे मिळून दोन किलोच्या आसपास कैऱ्या आणि चार लिटरपर्यंत पन्हे पुरते. ओटीसाठी सव्वा किलो कोरडे हरभरे आदल्या रात्री भिजवावेत. सकाळी ते जवळजवळ दुप्पट झालेले असतात. निथळून, सुती फडक्यावर पसरून कोरडे केले तर मोडही येत नाहीत आणि बुळबुळीतही होत नाहीत. त्यात काकडीची फोड आणि दोन बत्तासे टाकून ओटी भरतात. घरी नेल्यावर त्याच हरभऱ्यांची दुसऱ्या दिवशी उसळ होते, त्यामुळे हे हळदीकुंकू दोन दिवस चालते असेही म्हणता येईल.

कोणाला बोलवायचे, याबद्दलची रीत मात्र बदलायला हवी होती आणि काही घरांत ती बदलली आहे. हळदीकुंकू सुवासिनींचे, या नियमाने नवरा गेलेल्या बाईला तिच्याच गल्लीतल्या मेळाव्याबाहेर ठेवले. बहुतेक वेळा वाळवणाच्या पहाटे चीक हाटायला, पापड लाटायला तीच सर्वांत आधी आलेली असे. तिच्या हाताच्या कुरडया ताटात आणि ती उंबऱ्याबाहेर, ही गोष्ट गौरीच्या माहेरपणाशी कुठेही जुळत नाही. आता गावोगावच्या बचत गटांत सगळ्याच बाया एकत्र बसतात, पापड-कुरडया करून विकतात आणि हिशेबाच्या वहीत सगळ्यांची नावे सारख्याच ओळीत येतात. ज्या घरांनी आमंत्रणही असेच सरसकट केले, तिथे आराशीत काही कमी पडलेले नाही.

ताट उचलण्याचीही वेळ असते. कच्ची डाळ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नये. उरली तर त्याच रात्री तेलावर परतून तिची मोकळी डाळ करावी, ती सकाळपर्यंत टिकते. पन्ह्याचा घट्ट गर वेगळा काढून ठेवलेला असेल तर तो फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. वाळवण डब्यात परत जाते, पावसाळ्यासाठी. आराशीतली हळकुंडे दळायच्या डब्यात पडतात.

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखितीला, गौरीला निरोप देतात. त्याच दिवशी पितरांसाठी पाण्याने भरलेली मातीची घागर पुजतात, तिच्यावर टरबूज आणि आंबा ठेवतात. अनेक घरांत त्या वर्षीचा पिकलेला आंबा त्याआधी कुणी तोंडाला लावत नाही. कैरीचा महिना संपून आमरसाचा सुरू होतो तो या दिवशी. आणि वसमतच्या कालव्याखालच्या रानांत, पूर्णेचे पाणी ज्यांना मिळते ते शेतकरी, न शिजवता सावलीत राखून ठेवलेले हळदीचे बेणे निवडायला घेतात. पुढच्या लागवडीचा मुहूर्त परंपरेने याच तृतीयेचा धरला जातो.